निवडणुकीला गेलेली बाबागाडी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. माझा निळा टप विटलाय, मागचं एक चाक बाकीच्या तिघांच्या जातीचं नाही आणि चालताना मी कुरकुरते. हो, कुरकुरते, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मी एक जुनी बाबागाडी आहे. लेबनॉनच्या डोंगरातल्या ऐन शम्सा गावच्या वरच्या आळीत राहते, आणि नगरपालिकेची निवडणूक लढवून आले आहे.

माझा जन्म मार्सेयच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या पोटाखाली चार पोलादी स्प्रिंगा बसवल्या आणि दांड्यावर पांढरं कातडं शिवलं. विदाद नावाच्या एका तरुण बाईला पहिला मुलगा झाला, तेव्हा तिच्या मामानं मला बोटीत घालून इकडे आणलं. मुलाचं नाव रामेझ. तो माझ्यात पहिल्यांदा झोपला तेव्हा आळीतल्या बाया माझा टप उघडझाप करून पाहत होत्या. "राणीचं बाळ असल्यासारखी मिरवत्येय विदाद," असं एक जण म्हणाली. मला ते फार आवडलं. ती टोमणा मारत होती हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तेव्हा देशात लढाई चालू होती. नळ कोरडे पडले. विदादचा धाकटा दीर नसीब बावीस वर्षांचा होता, अंगानं धट्टाकट्टा. रोज सकाळी तो मला ढकलत झऱ्यावर न्यायचा. माझ्या एका कडेला रामेझ बसलेला, दुसऱ्या कडेला पाण्याचे दोन डबे. परत येताना तो एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारात पाणी ठेवायचा आणि दार न वाजवताच पुढे जायचा, कुणी आभार मानत बसू नये म्हणून. हे मी मुद्दाम सांगते, मित्रांनो. पुढे मी त्याच्याविरुद्ध बोलणार आहे, आणि कुणाविरुद्ध बोलताना त्याचं चांगलं गिळून टाकू नये.

रामेझच्या पाठीवर त्याच्या दोन बहिणी माझ्यात वाढल्या, मग शेजारची तीन मुलं. नंतर हलक्या, घडी होणाऱ्या गाड्या आल्या आणि मला गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे लोटून दिलं. तिथं मी वीस-बावीस वर्षं काढली. ऊन, बर्फ, कबुतरं, सगळं अंगावर घेतलं. माझ्यात कुणी कांदे वाळवले, कुणी तुटक्या फरशा रचल्या. मी रडले नाही. पोलाद रडत नाही, गंजतं. आणि गंज खरवडता येतो.

तो जुमानानं खरवडला.

जुमाना खय्यात म्हणजे रामेझची बायको. खाली समुद्रकाठच्या सैद्याची, कॉलेज शिकलेली. लग्न झाल्यावर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिचं नाव माहेरच्या मतदार नोंदवहीतून काढून सासरच्या नोंदवहीत आणलं गेलं, तिला न विचारता. लेक झाली ताला. जुमाना फार धास्तावणारी आई. झोपलेल्या तालाच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासणार, माझा ब्रेक एकदा लावला तरी दोनदा दाबून बघणार. घडीच्या गाड्या तिनं दुकानात जाऊन हलवून पाहिल्या आणि म्हणाली, "ही तर शिंकली तरी मिटेल." मग ती गच्चीवर आली, माझ्यातल्या फरशा उचलून बाजूला ठेवल्या आणि आठ दिवस तेल-चिंधी घेऊन माझ्यामागे लागली. पत्र्याचा डबा वाजावा तशी वाजत होते मी, पण चालले.

आता आमचा रस्ता कसा ते ऐका. वरच्या आळीतून दवाखान्याकडे आणि पाळणाघराकडे जायला एकच रस्ता. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला दरी. भिंतीकडून पायवाट होती, पण तिच्यावर एक भला मोठा जनरेटर बसवलेला. आमच्याकडे सरकारी वीज दिवसातून दोन-तीन तास. बाकी वेळ आळीआळीचा खासगी जनरेटर. आमचा जनरेटर फवाझचा. फवाझ म्हणजे नसीबचा मेहुणा. आणि नसीब आता बावीस वर्षांचा राहिला नव्हता. वीस वर्षं तो नगरपालिकेत आमच्या आळीचा सदस्य होता. फवाझला पायवाट त्यानंच दिली.

मग म्हाताऱ्यांनी, कुबड्यावाल्यांनी, आम्ही गाड्यांनी जायचं कुठून? भर रस्त्यातून. धूर खात.

फेब्रुवारीत एका सकाळी वळणावरून पाण्याचा टँकर आला. जुमानानं मला भिंतीकडे ओढलं, पण भिंतीकडे जनरेटर. टँकरच्या कडेनं माझं मागचं चाक चेपलं आणि मी कलंडले. माझ्या स्प्रिंगांनी तालाला झेललं. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा आला नाही. ड्रायव्हर खाली उतरून कपाळ बडवत होता. रस्त्यात बसून जुमानानं तालाची दहा बोटं मोजली, मग पायाची दहा. मग पुन्हा हाताची.

दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन नसीबच्या कचेरीत गेली. माझं चाक तेव्हा दोरीनं बांधलेलं.

"सूनबाई," नसीब म्हणाला, "ही गाडी आधी मोडीत काढ. एवढं धूड घेऊन रस्त्यानं जातात का?"

"काका, धूड पायवाटेवर बसलंय. ते मोडीत काढा."

"ते उचललं तर अख्खी आळी अंधारात बसेल."

"उचलून फेका म्हणत नाही. मागच्या रिकाम्या प्लॉटवर न्या. जागा नगरपालिकेचीच आहे. मी नकाशा आणलाय."

नसीबनं नकाशा घेतला, छान आहे म्हणाला आणि त्यावर चहाचा पेला ठेवला. "बघू. हिवाळा संपू दे. आणि खरं सांगू? बाळ लहान असताना बाईनं इतक्यांदा बाहेर पडूच नये."

तीन महिने ती उंबरठे झिजवत होती. मग निवडणूक लागली आणि जुमानानं उमेदवारी अर्ज भरला. एकटीनं.

घरात बॉम्ब पडला असता तर कमी गडबड झाली असती. रामेझ पाठीशी उभा राहिला, पण डोकं धरून. विदाद आता आजी झालेली. ती तीन दिवस सुनेशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती अशी: "सख्ख्या चुलतसासऱ्याविरुद्ध? आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नाही."

"आई, सात पिढ्यांत पायवाटेवर जनरेटरही कुणी ठेवला नव्हता."

प्रचाराला आमच्याकडे काही नव्हतं. नसीबची चित्रं विजेच्या खांबाखांबावर, अगदी वीज नसलेल्या खांबांवरसुद्धा. जुमानाकडे मी. ती तालाला माझ्यात बसवून दारोदार जायची. माझी कुरकुर ऐकली की बाया आतून म्हणायच्या, "आली बघ, दार उघड." कुणी प्रेमानं उघडायचं, कुणी हसायला. फवाझनं तर माझं नाव 'पक्षाचा रणगाडा' ठेवलं होतं. ठेवू दे. रणगाड्याला निदान रस्ता देतात.

"तू तर परकी," असं एक म्हातारी तोंडावर म्हणाली. "सैद्याची पोर. आमच्या गावाचं तुला काय?"

"माझं नाव तुमच्या वहीत मी नाही आणलं, मावशी," जुमाना म्हणाली. "तुम्ही आणलंत. आता आणलंत तर नांदवा."

म्हातारीनं तालाच्या हातात एक खजुराचं बिस्किट दिलं आणि दार लावून घेतलं. मत दिलं की नाही, आजही ठाऊक नाही.

मग एक रविवार आला. दुपारच्या जेवणानंतर नसीब तीन वडीलधाऱ्यांना घेऊन घरी आला. विदादआजीनं कॉफी आणली. नसीबनं कप उचलला आणि ओठाला न लावता समोर ठेवला. बाकीच्या तिघांनीही ठेवले. आमच्याकडे पाहुण्यानं कॉफी अशी खाली ठेवली, की त्याचं मागणं मान्य होईपर्यंत तो ती पीत नाही. आणि पाहुणा कॉफी न पिता उठला, तर लाज त्या घराची. त्या घरात पुढे सोयरीक करायलाही लोक कचरतात.

"माझं एकच मागणं आहे," नसीब म्हणाला. "सूनबाईनं उमेदवारी अर्ज मागे घ्यावा."

रामेझनं कप पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. "काका, आधी घोट तरी घ्या. मग बोलू."

"बोलून झालं की घेईन."

मी दाराशी उभी होते. जुमानानं माझा ब्रेक एकदा दाबून पाहिला, मग पुन्हा दाबला. मग ती बोलली.

"नसीबकाका, माझंही एक मागणं तीन महिने तुमच्या टेबलावर आहे. तेही थंडच झालंय."

तिघांतला एक खोकला. नसीब विदादआजीकडे वळला. "वहिनी, तुम्ही मोठ्या. तुम्ही सांगा तिला. नगरपालिका म्हणजे काय पाळणाघर आहे? ही गाडी बाळं न्यायला असते, मतं न्यायला नाही."

विदादआजीनं माझ्याकडे पाहिलं.

"भावोजी, या गाडीतून तुम्ही पाणी नेत होतात," ती म्हणाली. "तेव्हा ती बाळांचीच होती. अर्ध्या गावाला तिनं पाजलं, आणि ढकलणारे तुम्ही. आज तिला ढकलायला हातभर वाट ठेवली नाहीत तुम्ही."

"वहिनी, कॉफी..."

"कुणाला प्यायची नसेल तर उगाच माशा कशाला?" असं म्हणून तिनं चारही कप ताटात ठेवले आणि ताट आत घेऊन गेली. मोरीत कॉफी ओतल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

नसीब उठला. चेहरा कागदासारखा. "घराण्याचं नाक कापलंत, वहिनी."

आतून उत्तर आलं, "नाक शाबूत आहे, भावोजी. म्हणून तर धूर कळतो!"

पाहुणे गेल्यावर विदादआजी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडली. अब्रू अशी सहज ओतून देता येत नाही, मित्रांनो. जुमाना तिच्या पायाशी बसली. दुसऱ्या दिवशी मला ढकलायला चार हात होते.

आता आमच्याकडचं मतदान समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. सरकार छापील मतपत्रिका देत नाही. मतदार आपापली पांढरी चिठ्ठी आणतो, पडद्यामागे जाऊन लिफाफ्यात घालतो आणि पेटीत टाकतो. गावाच्या जागा पंधरा, म्हणून मोठी माणसं पंधरा नावांची छापील यादी वाटतात. ज्याला त्यातलं एखादं नाव नको असेल तो ते खोडतो आणि शेजारी दुसरं लिहितो. जुमानाची सगळी मदार याच्यावर होती: नसीब खोडा, जुमाना लिहा.

मतदानाच्या तीन दिवस आधी नसीबच्या बाजूची यादी आली. कागद दोन बोटं रुंद, अक्षरं मुंगीएवढी, पंधरा नावं एकमेकांच्या डोक्यावर बसवलेली. खोडायला जागा नाही आणि लिहायला तर नाहीच.

"यात डाससुद्धा बसणार नाही," रामेझ चष्मा चढवून म्हणाला.

जुमाना जमिनीवर बसली आणि माझ्या दांड्यावर कपाळ टेकलं. पंधराच्या पंधरा नावं हातानं लिहून कोण आणणार? आळीतल्या अर्ध्या बाया तर यादी घरून घेऊन निघतात, पेटीत टाकतात, परत येतात. वाडवडिलांपासून तसंच.

त्या संध्याकाळी तालाला वरण-भाताचा घास भरवता भरवता, हो, मसूर आणि तांदूळ आमच्याकडेही चालतात, तिनं निवडणूक कायद्याची पुस्तिका मांडीवर उघडली. घास ताला थुंकत होती, आई पान उलटत होती. एका पानावर तिचा हात थांबला. चमचा हवेतच. चिठ्ठीत जागांपेक्षा कमी नावं असली तरी ती चिठ्ठी वैध. कमीत कमी किती? एक.

"आई! पंधरा लागतच नाहीत! एक नाव पुरतं!"

"गप," विदादआजी म्हणाली. "असं कधी कुणी केलं नाही."

"कुणी वाचलंच नाही म्हणून."

ते पान घेऊन दोघी तीन दिवस स्वयंपाकघरांतून फिरल्या. बायांना वाचून दाखवलं, पुन्हा दाखवलं. आणि कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर शाईनं एकच नाव: जुमाना खय्यात. लिहायला आळीतल्या अकरा जणी बसल्या होत्या. तिघी तर अशा, की बाजाराच्या यादीपलीकडे त्यांनी वर्षानुवर्षं काही लिहिलं नव्हतं.

मतदान शाळेत. सकाळी सातला मी फाटकाबाहेर उभी होते. वर ताला, तिच्या गादीखाली चिठ्ठ्या. थोड्याच वेळात एक पोलीस आला.

"बाई, गाडी हलवा. प्रचाराचं सामान इथं चालणार नाही."

विदादआजीनं टप अलगद मागे सारला. ताला गाढ झोपली होती, तोंड उघडं. "हे सामान आहे," ती कुजबुजली. "रात्रभर दात येतोय म्हणून रडलंय. तुझी छाती असेल तर उठव आणि हलव."

पोलिसानं एकदा तालाकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग तो शंभर पावलं दूर जाऊन उन्हात उभा राहिला. त्यालाही घरी लेकरं असावीत.

फवाझनं मात्र आमच्या चिठ्ठ्या हेरल्या. एक हिसकून घेतली, वाचली आणि पोट धरून हसला. "एकच नाव! अरे, एकाच नावाची चिठ्ठी! शिकलेली म्हणे!" नसीबच्या माणसांनी ती हातोहात फिरवली. नसीबनंही वाचली आणि खांदे उडवले. वीस वर्षं सदस्य असलेल्या माणसानं कायद्याचं ते पान कधी उघडलं नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. मग तर फवाझच फाटकाशी उभा राहून ओरडायला लागला, "घ्या बायांनो, घ्या! सूनबाईच्या चिठ्ठ्या घ्या! पेटीत पडल्या की बाद!"

जुमानानं त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं. विदादआजीनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की मलाच कळ आली.

"हसतोय ना? हसू दे त्याला."

संध्याकाळी सातला दारं बंद झाली आणि मोजणी सुरू झाली. आमच्याकडे चिठ्ठ्या एकेक उघडून मोठ्यानं वाचतात. मी व्हरांड्यात खिडकीशी होते, सगळं पाहत-ऐकत. पहिल्या पंधरा-वीस चिठ्ठ्या छापील यादीच्या. मग केंद्रप्रमुख बाईंचा आवाज आला: "जुमाना खय्यात." आणि थांबला.

"बाद!" फवाझ ओरडला. "बाकीची चौदा नावं कुठंयत?"

केंद्रप्रमुख बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. त्यांनी पुस्तिका उघडली, चष्मा वर सारला आणि परीक्षेतल्या कॉपीवाल्याकडे पाहावं तसं फवाझकडे पाहिलं. "कमी नावं असली तरी चिठ्ठी वैध आहे. आणि तुम्ही मध्ये बोललात तर बाहेर जाल. पुढची. जुमाना खय्यात. पुढची. जुमाना खय्यात."

मित्रांनो, ते नाव त्या संध्याकाळी किती वेळा ऐकलं म्हणून सांगू! कधी सुबक अक्षरातलं, कधी वाचताना बाई अडखळाव्यात असं. प्रत्येक वेळी खिडकीतून नसीबची मान अजून थोडी खाली गेलेली दिसायची. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि वाईटही वाटलं. पाण्याचे डबे दारात ठेवून न सांगता निघून जाणारा तो मुलगा मला त्या मानेत दिसत होता. पण हरायचं होतं ते त्या मुलाला नव्हे, या नसीबला.

सात मतांनी. नसीबला पाचशे चौऱ्याण्णव, जुमानाला सहाशे एक. पंधरापैकी शेवटची जागा तिची.

पंधरा दिवसांनी पहिली सभा. नगरपालिकेची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की बकरीनंही विचार करावा. ताला तापातून नुकतीच उठलेली, आईला सोडेना. शिपाई म्हणाला, "बाळाची गाडी खालीच राहू द्या." जुमानानं मला पुढून धरलं, विदादआजीनं मागून, आणि दोघींनी मला पायरी पायरी करत वर नेलं. प्रत्येक पायरीला मी कुरकुरले, मुद्दाम जरा जास्तच.

खोलीत चौदा पुरुष लांब टेबलाभोवती बसले होते. नगराध्यक्षांनी माझ्याकडे पाहून भुवई चढवली. "हे काय? ही बाहेर ठेवा."

"बाहेर कुठं ठेवू, साहेब?" जुमाना म्हणाली आणि नकाशा टेबलावर पसरला. "बाहेर जागा नाही. तोच आजचा पहिला विषय आहे."

कुणीतरी हसलं. पण एकानं खुर्ची मागे सरकवली आणि मला टेबलाजवळ वाट करून दिली.

पायवाट मोकळी झाली का, हे विचाराल. सभा अजून चालू आहे, मित्रांनो. फवाझ अजून ओरडतोय आणि माझी मालकीण अजून बसलेली नाही. तोवर माझं एवढं ऐका. जुन्या वस्तूला जपायचं म्हणजे तिला कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं नव्हे. तिचं चाक बसवा, तिला तेल द्या आणि बाहेर काढा. आणि बाहेर तिच्यासाठी वाट नसेल, तर तिला परत घरात नेऊ नका. वाट मागा. मिळेपर्यंत मागा, आणि कुरकुरायला लाजू नका.